ओल्या बियांपासून निर्यातीच्या पोत्यापर्यंत: लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसाठी सेंद्रिय फेअरट्रेड कोकोची वाट

कोकोचं एक पिकलेलं फळ फोडलं की आत पांढऱ्या, गोड-आंबट गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया मिळतात. त्या आंबवून, वाळवून हातात येतं ते जेमतेम चाळीस ग्रॅम. म्हणजे एक किलो मालासाठी पंचवीसेक फळं. एक-दोन हेक्टरच्या शेतकऱ्याकडे एका तोडणीत निघणाऱ्या ओल्या बिया अनेकदा एवढ्या थोड्या असतात की त्यांच्या ढिगाला धड ऊब धरत नाही, आणि ऊब नाही तर आंबवण नीट होत नाही. सेंद्रिय आणि फेअरट्रेड प्रमाणपत्राचंही तसंच. (फेअरट्रेड म्हणजे लहान उत्पादकाला ठरलेला किमान भाव आणि वर जादा रक्कम मिळवून देणारी व्यवस्था.) तपासनिसाचा खर्च, नोंदवह्या, नकाशे, परीक्षण हे एका बागेच्या उत्पन्नातून भागत नाही. कोकोत सहकार लागतो तो या दोन रोकड्या कारणांसाठी. म्हणून या लेखात लागवडीपेक्षा फळ तोडल्यानंतरच्या दहा-बारा दिवसांना जास्त जागा दिली आहे. चांगल्या बागेतला माल तिथेच बिघडतो आणि संस्थेचा सगळ्यात जास्त उपयोगही तिथेच होतो.

सभासद कोणाला करायचं

बोलिव्हियातली एल सेइबो १९७७ मध्ये आणि घानातली कुआपा कोकू १९९३ मध्ये उभी राहिली. दोन्हींची रचना खालून वर जाणारी आहे: आधी गावचे किंवा वस्तीचे गट, आणि त्यांच्या प्रतिनिधींची वरची संस्था. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनीही असंच करावं. पहिल्या वर्षी सभासदांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नका. ज्याच्या बागेतून ओल्या बिया त्याच दिवशी संकलन केंद्रावर पोचू शकतात, तो पहिला सभासद. दूरची वस्ती घ्यायची असेल तर तिथे आंबवण्याचं स्वतंत्र केंद्र उभं करण्याची तयारी हवी.

फेअरट्रेडच्या नियमांत संस्थेचे बहुसंख्य सभासद लहान शेतकरी असावे लागतात, एका सभासदाला एक मत असतं, आणि प्रीमियमची, म्हणजे भावावर मिळणारी जादा रक्कम कशावर खर्च करायची ते सर्वसाधारण सभा ठरवते. हे कागदापुरतं ठेवू नका. बागेतलं पुष्कळ काम स्त्रिया करतात आणि सभासदत्व मात्र जमिनीच्या कागदावरच्या पुरुषाच्या नावावर, अशी स्थिती बऱ्याच कोको भागांत आहे. पोटनियमातच घरटी दोन सभासदांची सोय करून ठेवली तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

आता पैशाचा प्रश्न, कारण संस्था बहुतेक इथेच अडखळतात. शेतकऱ्याला पैसे तोडणीच्या दिवशी हवे असतात. संस्थेला मात्र माल जहाजावर चढल्यानंतर मिळतात. मधल्या दोन-तीन महिन्यांत दलाल रोख नोटा घेऊन दारात उभा असतो. फेअरट्रेडच्या नियमांनुसार संस्थेनं मागितल्यास खरेदीदारानं कराराच्या किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ उचल उपलब्ध करून द्यायची असते. ती मागा, लेखी मागा, आणि हंगामाच्या आधी मागा.

नकाशा आणि नोंदवही

प्रत्येक बागेला एक क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला नकाशा. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या जंगलतोडविरोधी कायद्यानं कोकोच्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचं भौगोलिक स्थान मागितलं आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या बागेतला माल त्या बाजारात चालणार नाही. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्याची हद्द चारी बाजूंनी मोजावी लागते. या कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली आहे, तरी मोजणीचं काम थांबवू नका. माझ्या मते लहान तुकड्यांचीही पूर्ण हद्द चालत जाऊन मोजावी. त्यातून खरं क्षेत्र कळतं, आणि खरं क्षेत्र कळलं की एखाद्या बागेतून अशक्य वाटावा इतका माल आला तर तो लगेच डोळ्यात भरतो. शेजारच्या फवारलेल्या बागेचा माल सभासदाच्या नावावर खपवला जातो तो अशाच फटीतून.

नकाशावर शेजारी काय पिकतं आणि तिथे काय फवारतात तेही टिपा. फवारणीच्या बागेला लागून असलेल्या बाजूला झाडांचा दाट पट्टा सोडावा लागतो. गेल्या तीन वर्षांत या जमिनीवर काय टाकलं, त्याचीही नोंद हवी. युरोपीय नियमांत बहुवर्षायू पिकाला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी किमान ३ वर्षांचा संक्रमण काळ (सेंद्रियकडे वळण्याचा काळ) लागतो आणि अमेरिकी नियमांत निषिद्ध पदार्थाच्या शेवटच्या वापरापासून ३६ महिने. ज्यांनी कधीच काही फवारलं नाही त्यांना वाटतं की आपण आजच सेंद्रिय आहोत. भावना खरी असली तरी तपासनीस लेखी पुरावा मागतो.

फवारणीचा पंप हा वेगळा विषय. सेंद्रिय बागेत सापडणारे अवशेष पुष्कळदा उसन्या पंपातून आलेले असतात: शेजाऱ्यानं तणनाशक मारलं, पंप वरवर धुतला आणि सभासदानं त्यातच कडुलिंबाचा अर्क भरला. संस्थेनं गटागटाला स्वतःचे पंप द्यावेत आणि ते दुसऱ्या कामाला न देण्याचा ठराव करावा. सरकारी फवारणीवरही लक्ष ठेवा. घानात २००१ पासून सरकारी खर्चानं सामूहिक फवारणीची योजना सुरू झाली. अशा ठिकाणी सेंद्रिय सभासदांच्या बागा वगळण्याचं पत्र आधीच द्यावं लागतं.

बाग

कोको विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांच्या आत पिकतो. वर्षाला १,५०० ते २,००० मिलिमीटर नीट वाटून पडणारा पाऊस, तीन महिन्यांहून लांब नसलेला कोरडा काळ आणि दीड मीटरपर्यंत मुळं जाऊ देणारी निचऱ्याची जमीन, एवढं त्याला हवं. लागवड बहुधा तीन बाय तीन मीटरवर करतात, म्हणजे हेक्टरी सुमारे १,१०० झाडं. मूळचं हे अॅमेझॉनच्या जंगलातलं, मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड. रोप लहान असताना केळीची सावली आणि पुढे गिरिपुष्प, पांगारा, इंगा अशा शेंगवर्गीय झाडांची विरळ सावली त्याला मानवते. पूर्ण वाढलेल्या बागेत तीस ते चाळीस टक्के सावली राखावी. त्याहून दाट झाली की हवा कोंडते आणि बुरशी येते, फार विरळ झाली की झाड खत मागू लागतं, जे सेंद्रिय शेतकऱ्याकडे मुबलक नसतं.

कोकोची फुलं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. त्यांचं परागीभवन टाचणीच्या टोकाएवढी चिलटं करतात आणि ती चिलटं वाढतात कुजक्या, ओलसर पालापाचोळ्यात. हजारो फुलांपैकी फार तर पाच टक्के फळं धरतात. म्हणून बाग झाडून स्वच्छ ठेवण्याची सवय इथे महागात पडते. पालापाचोळा, केळीच्या खुंटाचे तुकडे बुंध्यापासून थोडं दूर पसरून ठेवा.

एक टन वाळलेल्या बिया बागेतून जाताना सुमारे २० किलो नत्र, ४ किलो स्फुरद आणि १० किलो पालाश घेऊन जातात. फळांची टरफलंही बाहेर गेली तर पालाशचा तोटा पाच पटींहून अधिक होतो. टरफलांचं कंपोस्ट करून ते परत बागेत आणणं हे सेंद्रिय कोकोतलं सगळ्यात स्वस्त खत. कच्ची टरफलं मात्र झाडाखाली ढीग करून टाकू नका, त्यात काळी कुज हा फळांचा रोग पोसला जातो. दगडी स्फुरद वापरण्याआधी त्यातलं कॅडमियम (एक विषारी धातू) तपासून घ्या. युरोपीय संघानं १ जानेवारी २०१९ पासून चॉकलेट आणि कोको पावडरमधल्या कॅडमियमला मर्यादा घातली आहे, आणि लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत ते मुळातच जमिनीत जास्त आहे.

रोगांत पहिला मान काळ्या कुजीचा. औषधाआधी छाटणी आणि सफाई: झाड चार मीटरच्या आत ठेवा, खोडावरचे फुटवे काढत राहा, पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी मारून काळी पडलेली फळं उतरवा. तांब्याची औषधं सेंद्रिय नियमांत चालतात, पण युरोपात त्यांना सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. लॅटिन अमेरिकेतल्या पांढऱ्या भुकटीच्या कुजीत फळावर भुकटी दिसायच्या आधीच ते काढावं लागतं, कारण एकदा भुकटी उडाली की अख्खी बाग धोक्यात येते. पश्चिम आफ्रिकेत पिठ्या ढेकणातून पसरणाऱ्या खोडसूज विषाणूवर उपाय नाही. ते झाड आणि त्याला लागून असलेली झाडं उपटूनच टाकावी लागतात, आणि संस्थेनं त्या सभासदाला नवी रोपं फुकट द्यावीत, नाहीतर तो रोग लपवून ठेवतो.

तोडणी आणि फोडणी

देठ धारदार हत्यारानं कापा, फळ पिरगाळून ओढू नका. देठाजवळच्या गादीवरच पुढच्या वर्षीची फुलं येतात. कच्च्या फळाच्या गरात साखर कमी असते, त्यामुळे आंबवण रेंगाळते. फार पिकलेल्या फळात बिया आतच कोंब धरतात. दर दोन-तीन आठवड्यांनी तोडणी हा मधला मार्ग.

फळ कोयत्यानं फोडायची पद्धत सर्रास दिसते. ती बंद करा. कोयत्याचं पातं बीला कापतं, त्या चिरेतून बुरशी शिरते, आणि मजुराची बोटंही जातात. लाकडी मोगरीचा एक ठोका किंवा दोन फळं एकमेकांवर आपटणं पुरतं. आतला दांडा, टरफलाचे तुकडे, रोगट आणि कोंबलेल्या बिया जागेवरच वेगळ्या काढा. फोडल्यापासून शक्यतो त्याच दिवशी बिया आंबवण्याच्या पेटीत पडायला हव्यात.

केंद्रावर बिया ओल्या असतानाच घ्या. शंभर किलो ओल्या बियांतून साधारण ३५ ते ४० किलो वाळलेला माल निघतो, पण हे प्रमाण पावसाप्रमाणे बदलतं. संस्थेनं हंगामात दर महिन्याला सभासदांसमोर एक पेटी मोजून आंबवावी, वाळवावी, पुन्हा मोजावी आणि तो आकडा फळ्यावर लिहावा. ओल्या मालाचा भाव त्यावरून ठरला की कुजबुज थांबते. काटा शेतकऱ्याला दिसेल असा ठेवा. पावतीवर सभासद क्रमांक, वजन, तारीख आणि पेटीचा क्रमांक हवाच. या पावतीवरूनच पुढे पोत्यातून बागेपर्यंत माग काढता येतो.

आंबवण

लाकडी पेट्या वापरा, तळाला आणि बाजूंना रस निथळण्यासाठी बारीक भोकं हवीत. बियांचा थर साठ ते नव्वद सेंटिमीटर, त्याहून खोल नको. वर केळीची पानं, त्यावर गोणपाट. पेट्यांना लोखंडी खिळे किंवा पत्रा आतून लागू देऊ नका, आम्लानं लोखंड विरघळतं आणि बी काळवंडते.

पहिल्या दोन दिवसांत यीस्ट गरातल्या साखरेचा अल्कोहोल करतं, गर पातळ होऊन वाहून जातो. जागा मोकळी झाली की हवा आत शिरते आणि अॅसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करू लागतात. त्यातून मोठी उष्णता निघते. तिसऱ्या दिवसापर्यंत ढीग ४५ ते ५० अंशांवर जायला हवा. ही उष्णता आणि आम्ल मिळून बीमधला अंकुर मारतात, आतल्या भिंती फुटतात, प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात. भाजताना चॉकलेटचा जो वास येतो त्याचं बीज याच दिवसांत पडतं. भाजणारा कितीही कसबी असला तरी आंबवणीत न झालेलं काम तो नंतर करू शकत नाही.

पहिली उलथापालथ ४८ तासांनी करा, त्यानंतर दर दिवसाआड किंवा रोज. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या बिया मध्ये यायला हव्यात, त्या नेहमी थंड राहतात. सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या थर्मामीटरनं तापमान घ्या आणि पेटीवर टांगलेल्या कार्डावर लिहा. तिसऱ्या दिवशीही पारा चाळिशीच्या आत असेल तर ढीग फार लहान आहे, किंवा वाऱ्यात आहे, किंवा फळं कच्ची होती. फोरास्टेरो जातीच्या बियांना पाच ते सात दिवस लागतात, क्रिओलोला दोन-तीन. दोन्ही एका पेटीत कधीही टाकू नका. शेवट ओळखायला रोज दहा-बारा बिया उभ्या कापून पाहा: जांभळा रंग कडेनं तपकिरी होत आत सरकू लागला आणि कापलेल्या भागातून तपकिरी पाणी सुटलं की काढायची वेळ झाली. वास बदलून अमोनियासारखा झाला तर उशीर झाला.

वाळवण

इथे घाई करायची नसते. पहिले दोन दिवस ऊन फार कडक मिळालं तर साल कडक होऊन आतलं व्हिनेगर आतच कोंडतं आणि चॉकलेट आंबट लागतं. जमिनीपासून उंच, जाळीच्या किंवा बांबूच्या मांडवावर पाच सेंटिमीटरचा थर पसरा, दिवसातून अनेकदा हात फिरवा, दुपारी सावली धरा. पुढच्या दिवसांत ऊन भरपूर घेऊ द्या. रात्री आणि पावसात झाका. सरकती छपरं किंवा प्लॅस्टिकचे बोगदे यांवर प्रीमियमचा पैसा खर्च केलेला मी वाया गेला असं मानत नाही.

डांबरी रस्त्याच्या कडेला वाळवू नका, डांबराचं आणि गाड्यांच्या धुराचं दूषण बियांत उतरतं. लाकूड जाळून वाळवायची वेळ आलीच तर धूर बियांना लागू नये. धुराचा वास बीच्या चरबीत मुरतो आणि कशानंही निघत नाही.

सात टक्के ओलावा हे लक्ष्य. आठच्या वर बुरशी येते, सहाच्या खाली बिया पोत्यात फुटतात. मूठभर बिया दाबल्यावर कडकड वाजल्या पाहिजेत, पण पोतं शिवण्याआधी ओलावामापकानं खात्री करा.

कापणीची चाचणी

प्रत्येक लॉटमधून ३०० बिया घेऊन लांबीनं मधोमध कापा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या प्रतीला बुरशी ३ टक्क्यांपर्यंत, न आंबलेल्या पाटीच्या दगडासारख्या करड्या बिया ३ टक्क्यांपर्यंत, आणि किडक्या, कोंबलेल्या, चपट्या मिळून ३ टक्क्यांपर्यंत चालतात. दुसऱ्या प्रतीला हेच आकडे ४, ८ आणि ६ आहेत. ही चाचणी केंद्रावर, सभासदांच्या देखत करा. स्वतःच्या पेटीतल्या करड्या बिया स्वतः मोजलेला पेटीवाला पुढच्या वेळी उलथापालथ चुकवत नाही.

गोदाम आणि बंदर

पोती तागाची हवीत, पण खनिज तेल न लावलेल्या धाग्याची. लाकडी चौकटीवर, भिंतीपासून लांब रचा. त्या खोलीत कॉफी, मसाले, रॉकेल, कीटकनाशक, काहीही वासाचं नको. संक्रमण काळातल्या सभासदांचा माल वेगळ्या रंगाच्या खुणेच्या पोत्यांत, वेगळ्या भिंतीला. फेअरट्रेडच्या कोकोला कागदावरचा मेळ चालतो, म्हणजे कारखान्यात इतर बियांशी मिसळला तरी तितक्याच वजनाचं उत्पादन त्या नावानं विकता येतं. सेंद्रियला ही सवलत नाही. त्या मालाचा प्रत्येक दाणा शेवटपर्यंत वेगळाच राहिला पाहिजे.

तीन वर्षांची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते ती बंदरावर. तिथे कोकोला मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फिनची धुरी देणं नेहमीचं आहे आणि त्यानं सेंद्रिय दर्जा जातो. करारातच लिहून घ्या की धुरी द्यायची नाही, किडीसाठी कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन वापरायचा. ही सूचना कंटेनरवर आणि मालवाहतुकीच्या कागदांवर ठळक हवी.

आतली तपासणी

गट प्रमाणपत्राचा, म्हणजे सगळ्या सभासदांना मिळून मिळणाऱ्या एकाच प्रमाणपत्राचा, कणा म्हणजे संस्थेची स्वतःची तपासणी. वर्षातून किमान एकदा प्रत्येक बाग, प्रत्यक्ष चालत. तपासनीस दुसऱ्या गावचा असावा, स्वतःच्या भावकीची बाग त्याच्याकडे नको. अहवालावर निर्णय घेणारी समिती वेगळी. चूक आणि शिक्षा यांची यादी आधीच मंजूर करून ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रकरणात चेहरा पाहून निर्णय होतो. युरोपच्या २०१८ सालच्या सेंद्रिय कायद्यात, जो २०२२ पासून लागू झाला, एका गटात जास्तीत जास्त २,००० सभासद चालतात. प्रमाणपत्र देणारी बाहेरची संस्था दरवर्षी त्यांतल्या किमान ५ टक्के सभासदांची फेरतपासणी करते. तिच्या हाती जे लागेल ते तुमच्या वहीत आधीच नोंदलेलं असलं पाहिजे.

मुलांच्या कामाबद्दल इथेच बोललं पाहिजे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेच्या पाहणीत आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून १५ लाख ६० हजार मुलं कोकोतल्या बालमजुरीत आढळली. आईबापांसोबत बागेत जाणं वेगळं आणि कोयता, फवारणी, डोक्यावर जड पोतं वेगळं. तपासणीच्या फॉर्ममध्ये घरातल्या प्रत्येक मुलाचं वय आणि शाळेतली हजेरी हा रकाना ठेवा. मूल सापडलं तर सभासदाला फक्त काढून टाकू नका. मुलाची शाळा आणि घरची मजूरटंचाई यांवर उपाय केला नाही तर ते मूल दुसऱ्या बागेत जातं, एवढंच.

विक्री

खरेदीदाराशी बोलणं प्रमाणपत्राच्या आधी सुरू करा. प्रमाणित मालापैकी सगळा त्या अटींवर विकला जाईलच असं नसतं, आणि शुल्क मात्र पूर्ण भरावं लागतं.

ऑक्टोबर २०१९ पासून फेअरट्रेडचा किमान भाव टनाला २,४०० डॉलर आणि प्रीमियम २४० डॉलर झाला. सेंद्रियसाठी बाजारभाव आणि किमान भाव यांपैकी जो जास्त त्यावर ३०० डॉलर. हे आकडे काही वर्षांनी बदलतात, करार करताना त्या वेळचा तक्ता पाहा. हिशेबाची रीत मात्र हीच. बाजारभाव २,००० असेल तर २,४०० अधिक ३०० अधिक २४०, म्हणजे २,९४०. बाजारभाव ३,००० असेल तर ३,५४०, म्हणजे साडेबारा टनांच्या खेपेचे ४४,२५० डॉलर. त्यातले ३,००० डॉलर प्रीमियमचे. ते संस्थेच्या वेगळ्या खात्यात ठेवून सभेच्या ठरावानंच खर्च करायचे असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. अशा वेळी किमान भावाला काही अर्थ उरत नाही, आणि आधी भाव बांधून करार केलेल्या संस्थेचे सभासद बाहेर माल विकू लागतात. म्हणून सगळा हंगाम एका भावात बांधू नका. काही भाग बाजारभावाशी जोडलेला ठेवा, आणि हंगामाअखेर फरकाची दुसरी रक्कम देण्याची पद्धत पहिल्या वर्षापासून पाडा.

खेप निघाली की प्रत्येक लॉटचा दोन किलोंचा नमुना हवाबंद डब्यात, तारखेसह, गोदामात ठेवून द्या. खरेदीदाराची तक्रार आली तर तोच डबा उघडून, त्याच पद्धतीनं ३०० बिया कापून उत्तर द्यायचं.